विसार दिला, खरेदी लांबली

घराचा व्यवहार ठरला, विसार दिला, साठेखत झाले आणि खरेदीपत्राची तारीख उलटून गेली. साताऱ्यात शाहूपुरी असो की सांगलीत विश्रामबाग, या टप्प्यावर घेणाऱ्याच्या घरात एकच प्रश्न फिरत असतो: आपले पैसे बुडाले का? कायद्याकडे पाहिले तर घाबरण्याचे कारण सहसा नसते. पण पैसे सुरक्षित ठेवण्याचे काम तारीख उलटल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होते, आणि बहुतेक कुटुंबे नेमके तेच दिवस 'बघू, होईल' म्हणत घालवतात. या प्रकरणात मला मुख्यतः त्या दिवसांबद्दल लिहायचे आहे.

आधी हातात काय आहे ते पाहू. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा. त्याचे कलम ५४ सांगते की नुसत्या साठेखताने मिळकतीत कोणताही हक्क तयार होत नाही; मालकी खरेदीपत्रानेच येते. हे वाचून माणूस खचतो. पुढचेच कलम ५५ मात्र फार थोड्या जणांना ठाऊक असते. घेणाऱ्याने कब्जा घ्यायला विनाकारण नकार दिलेला नसेल, तर त्याने आगाऊ दिलेल्या रकमेचा बोजा त्या मिळकतीवर बसतो, आणि विसारही त्यात येतो. विकणाऱ्याने ते पैसे मुलीच्या लग्नात किंवा उसाच्या ठिबकवर खर्च करून टाकले असले, तरी ती जागा तुमच्या रकमेला बांधलेली राहते. त्याच्याकडून जागा घेणाऱ्या पुढच्या माणसालाही हा बोजा लागू होऊ शकतो, पण त्याला तुमच्या व्यवहाराची माहिती होती हे दाखवता आले पाहिजे. इथेच नोंदणीकृत साठेखत आणि नोटरीकडचा कागद यांच्यात मोठे अंतर पडते. दुय्यम निबंधकाकडे नोंदलेला दस्त शोध घेणाऱ्या कोणालाही सापडतो. ५०० रुपयांच्या मुद्रांकावर लिहून नोटरी केलेली विसारपावती मात्र तुमच्या कपाटात पडून असते आणि बाहेर कोणालाच काही सांगत नाही. नोंदणीचा खर्च वाचवण्यासाठी केलेली ही काटकसर मला सर्वांत महाग वाटते.

आता लांबणीची कारणे. आपल्या दोन जिल्ह्यांत ती बऱ्यापैकी ठरलेली आहेत. पहिले कारण वारसांचे. वडील गेले, सातबाऱ्यावर किंवा मिळकतपत्रिकेवर भावांची नावे लागली, व्यवहार भावांनी ठरवला आणि दस्ताच्या आठवड्यात सासरी गेलेल्या बहिणींची आठवण झाली. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क दिला. महाराष्ट्राने त्याआधी १९९४ मध्येच तसा कायदा केला होता. २००५ ला वडील हयात होते की नव्हते यावरून जो घोळ चालला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये संपवला: हक्क जन्माने येतो. त्यामुळे बहिणींचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र किंवा संमतीदार म्हणून सही, याशिवाय आज कोणताही शहाणा वकील शोध अहवाल देणार नाही. 'बहिणी काही म्हणणार नाहीत' हे वाक्य विसार घेताना फार ऐकू येते. त्या वाक्याला कागदावर काही किंमत नसते, आणि बहिणींनी आपला हिस्सा मागितला तर त्यांचे काही चुकतही नाही.

दुसरे कारण जमिनीचे. साताऱ्याच्या कडेने वाढलेल्या वस्त्यांत प्लॉट घेताना सातबाऱ्याचा 'इतर हक्क' हा रकाना वाचावाच लागतो. विकास सोसायटीचा बोजा तिथे दिसतो आणि फेडून कमी करता येतो. पण कोयना, धोम, चांदोली अशा धरणांच्या विस्थापितांना दिलेल्या जमिनी, त्यांच्यासाठी लाभक्षेत्रात राखलेल्या जमिनी आणि भोगवटादार वर्ग २ च्या जमिनी यांना सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. ती कधी येईल हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. सांगलीत याच जागी गुंठेवारी येते. शेतजमिनीचे गुंठे पाडून झालेल्या या वसाहती नियमित करण्यासाठी २००१ साली राज्याने स्वतंत्र कायदा केला. पण शामरावनगरसारख्या भागात घर ठरवताना नियमितीकरणाचे प्रमाणपत्र हातात नसेल तर बँक कर्जाला हात आखडता घेते, आणि व्यवहार तिथेच अडतो.

कारण कोणाच्या बाजूचे आहे यावर विसाराचे भवितव्य ठरते. मालकीहक्कातला दोष विकणाऱ्याने आधीच सांगायचा असतो. कलम ५५ च त्याच्यावर ते बंधन घालते. बहिणीची सही, परवानगी, बोजा या सगळ्यांची जबाबदारी त्याची. बँकेने कर्ज नाकारले तर मात्र चित्र उलटते. साठेखतात 'कर्ज मंजूर न झाल्यास विसार परत' असे लिहिलेले नसेल, तर कायद्याच्या नजरेत चूक घेणाऱ्याची ठरू शकते, मग बँकेने नाही म्हणण्याचे कारण गुंठेवारी असो की पगाराची चिठ्ठी. ही एक ओळ लिहून घ्यायला काही खर्च येत नाही. तशीच दुसरी ओळ: अमुक तारखेपर्यंत हक्कसोडपत्र किंवा परवानगी न मिळाल्यास रक्कम अमुक दराने व्याजासह अमुक दिवसांत परत.

व्यवहार खासगी माणसाशी आहे की बांधकाम व्यावसायिकाशी, यावर पुढचा रस्ता ठरतो.

बिल्डरकडून नवा फ्लॅट घेतला असेल तर २०१६ चा रेरा कायदा घेणाऱ्याच्या पाठीशी भक्कम उभा आहे. नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेताच येत नाही. ताबा ठरल्या तारखेला मिळाला नाही तर कलम १८ दोन वाटा देते: प्रकल्पातून बाहेर पडून सगळी रक्कम व्याजासह परत घ्या, किंवा घर हवेच असेल तर लांबलेल्या प्रत्येक महिन्याचे व्याज घेत थांबा. निवड तुमची, बिल्डरची नव्हे. महाराष्ट्राच्या नियमांत हा व्याजदर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरवर २ टक्के असा बांधलेला आहे.

सांगलीत यावर हमखास ऐकू येणारे उत्तर म्हणजे पूर. २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णेने शहराला वेढले; २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या दिवसांत काम बंद पडले हे कोणी नाकारणार नाही. रेरा कायद्याच्या कलम ६ मध्ये नैसर्गिक आपत्तींत पुराचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे आणि त्यासाठी प्रकल्पाची नोंदणी वाढवून मिळू शकते. पण नोंदणीची मुदत वाढली म्हणून घेणाऱ्याचा परताव्याचा हक्क संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यूटेक प्रमोटर्स या प्रकरणात सांगितले की ठरल्या वेळी ताबा न मिळाल्यास रक्कम परत मागण्याचा हक्क बिनशर्त आहे. अनपेक्षित घटना घडली किंवा न्यायालयाची स्थगिती आली, तरी घेणाऱ्याचा त्यात दोष नसेल तर तो हक्क उरतो. करारात ताब्याची तारीखच नसेल तर? २०१८ च्या फॉर्च्यून इन्फ्रास्ट्रक्चर प्रकरणात न्यायालयाने ३ वर्षांचा काळ वाजवी धरला आणि माणसाला अनंत काळ थांबायला लावता येणार नाही असे बजावले.

आपल्याकडे एक अडचण वेगळी आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरील किंवा ८ पर्यंत सदनिकांच्या इमारतीला रेराची नोंदणी लागत नाही. सातारा, कराड, सांगली, मिरज इथल्या गल्ल्यांत उभ्या राहणाऱ्या लहान इमारती यात सहज बसतात. त्यांच्यासाठी राज्याचा १९६३ चा सदनिका मालकी कायदा आहे. कराराआधी २० टक्क्यांहून अधिक रक्कम घ्यायला तो मनाई करतो, ताबा न दिल्यास ९ टक्के सरळव्याजाने परतावा देतो आणि त्या रकमेचा बोजा जमिनीवर चढवतो. शिवाय ग्राहक आयोग आहेच. घरबांधणी ही सेवा आहे हे १९९३ पासून मान्य झालेले आहे, आणि रेरा व ग्राहक आयोग हे दोन्ही दरवाजे घेणाऱ्याला खुले आहेत हे २०२० मध्ये. ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या तक्रारी जिल्हा आयोगात चालतात आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येतात. मुदत २ वर्षांची.

रेराचा आदेश हातात आला म्हणजे पैसे आले असे मात्र नाही. बिल्डरने तो पाळला नाही तर महारेरा, म्हणजे राज्याचे रेरा प्राधिकरण, वसुली वॉरंट काढते. ते जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि तिथून तहसीलदारांकडे जाते, आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करायची असते. तहसील कार्यालयाला हातातली कामे कमी नसतात. बिल्डरच्या नावावरचे सातबारे, मिळकतपत्रिका, न विकलेले फ्लॅट, बँक खात्यांचे तपशील हे सगळे स्वतः गोळा करून अर्जाला जोडले, तर जप्तीचे काम पुढे सरकण्याची शक्यता बरीच वाढते.

आता दुसरी वाट, जी या दोन जिल्ह्यांत अधिक जणांच्या वाट्याला येते: जुने घर किंवा प्लॉट एका माणसाकडून घेणे. इथे रेरा नाही, आणि साध्या जागेच्या विक्रीत ग्राहक आयोगही सहसा नाही. इथे दिवाणी न्यायालय आहे, आणि ते घेणाऱ्याला एक अवघड प्रश्न विचारते: तू स्वतः तयार होतास का?

विशिष्ट पूर्तता कायदा १९६३ चे कलम १६ हा प्रश्न विचारते. खरेदीपत्र करून मागणाऱ्याने आपण पहिल्यापासून शेवटपर्यंत पैसे देऊन दस्त करायला सिद्ध होतो हे पुराव्याने दाखवावे लागते. २०१८ च्या दुरुस्तीने घेणाऱ्याची बाजू बरीच मजबूत केली, पण ही अट राहिली. 'माझ्याकडे पैसे होते' असे साक्षीत सांगून भागत नाही. त्या तारखेचा पासबुकाचा उतारा लागतो, कर्जमंजुरीचे पत्र लागते, मुदतठेवीची पावती लागते, मुद्रांकाची रक्कम काढून ठेवल्याची नोंद लागते. अनेक प्रामाणिक माणसे इथेच हरतात. त्यांची तयारी खरी असते, फक्त ती त्या दिवशी कुठे उमटलेली नसते.

म्हणून तारीख जवळ आली की विकणाऱ्याला पोचपावतीच्या टपालाने पत्र जायला हवे: उरलेली रक्कम तयार आहे, अमुक दिवशी अमुक वेळी दुय्यम निबंधक कार्यालयात दस्तासाठी हजर राहावे. त्या दिवशी स्वतः जावे, तो न आल्यास लगेच दुसरे पत्र पाठवावे. नात्यातला किंवा ओळखीचा माणूस असला की असे पत्र धाडणे आपल्याकडे उद्धटपणाचे वाटते. 'अण्णा, हे फक्त बँकेसाठी आणि वकिलांसाठी आहे' असे फोनवर सांगून पत्र पाठवता येते. संबंधही राहतो आणि कागदही. त्याने मुदत मागितली तर द्यावी, पण नव्या तारखेचे मुदतवाढपत्र दोघांच्या सहीने करावे.

हे सांगण्यामागे मुदत कायद्याची धास्ती आहे. अनुच्छेद ५४ प्रमाणे साठेखतात तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून ३ वर्षांत दावा करावा लागतो. तारीख नसेल तर विकणाऱ्याने नकार दिल्याचे कळल्यापासून ३ वर्षे. चहा पाजून दिलेली तोंडी आश्वासने या घड्याळाला थांबवत नाहीत. मिळकतीच्या व्यवहारात वेळ हा सहसा कराराचा गाभा मानला जात नाही, असा निवाडा घटनापीठाने १९९२ मध्ये दिला होता. पण २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले की जागांचे भाव इतक्या झपाट्याने वाढत असताना या जुन्या समजुतीचा फेरविचार व्हायला हवा. निवांत थांबणाऱ्याला पूर्वीसारखे झुकते माप मिळेल या भरवशावर राहू नये.

दावा लावताना वकिलाला एक गोष्ट आवर्जून विचारावी: खरेदीपत्राबरोबर पर्यायी म्हणून विसार परत मिळण्याची मागणी घातली आहे ना? विशिष्ट पूर्तता कायद्याच्या कलम २२ नुसार मागितल्याशिवाय न्यायालय ती देत नाही. राहून गेली असेल तर दावा दुरुस्त करून घालता येते, पण ते कोणाच्या तरी लक्षात यावे लागते. दावा दाखल होताच तो प्रलंबित असल्याची (लिस पेंडन्स) नोटीसही दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी, नाहीतर मधल्या काळात जागा तिसऱ्याला विकली गेली तर हात बांधले जातात. निकालावरील अपिले उच्च न्यायालयात गेली तर आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून सातारा आणि सांगलीसाठी कोल्हापूरचे सर्किट बेंच आहे. सामान्य पक्षकारासाठी मला हा फार मोठा दिलासा वाटतो.

या दाव्यांत विकणाऱ्याचा एक बचाव वारंवार येतो: 'ही विक्री नव्हतीच. मी व्याजाने पैसे घेतले आणि तारण म्हणून साठेखत लिहून दिले.' तो नेहमी खोटा असतो असे कोणी म्हणू नये. आपल्या भागात साठेखताच्या आडून झालेल्या सावकारीने अनेकांची घरे गेली आहेत, आणि २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने जिल्हा निबंधकांना अशा जमिनी मूळ मालकाला परत देण्याचे अधिकार दिले आहेत. म्हणून न्यायालयही असा कागद बारकाईने पाहते. खऱ्या खरेदीदाराचे रक्षण व्यवहाराच्या खुणा करतात: वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस, शोध अहवाल, बाजारभावाशी जुळणारी किंमत, मोजणी, कर्जाचा अर्ज. तारण घेणारा सावकार सहसा या भानगडीत पडत नाही.

रोख रकमेबद्दल स्पष्ट लिहायला हवे. निम्मा विसार चेकने आणि निम्मा रोखीने, हा प्रकार सर्रास चालतो. १ जून २०१५ पासून स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रोख आगाऊ रक्कम घेणे आयकर कायद्याने बंद केले. अशी रोख स्वीकारणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला, तितकाच दंड होऊ शकतो. एप्रिल २०२५ मध्ये बंगळुरूच्या एका शिक्षणसंस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर ७५ लाख रोख आगाऊ दिल्याचा दावा आला. न्यायालयाने आदेश दिला की २ लाख किंवा त्याहून अधिक रोख दिल्याचे दाव्यात म्हटले असेल, तर दिवाणी न्यायालयांनी ते आयकर खात्याला कळवावे. तेव्हा रोखीचा विसार न्यायालयात मागायचा तर तो आला कुठून हेही सांगावे लागते. अनेकजण या भीतीने ती रक्कम सोडून देतात, आणि ही भीती विकणाऱ्यालाही ठाऊक असते.

चूक खरेच आपली असेल, म्हणजे पैसे जमले नाहीत किंवा मन बदलले, तर? साठेखतात 'विसार जप्त' असे लिहिलेले असते आणि माणूस सगळे गेले असे धरून चालतो. १९६३ चा फतेहचंद खटला इथे अजूनही कामाला येतो. दिल्लीतल्या १,१२,५०० रुपयांच्या व्यवहारात घेणाऱ्याने १,००० रुपये विसार आणि नंतर किमतीपोटी २४,००० दिले होते. विकणाऱ्याला सगळे २५,००० ठेवायचे होते. सर्वोच्च न्यायालयाने विसाराचे १,००० ठेवू दिले. २४,००० रुपये दंड म्हणून गिळता येणार नाहीत, प्रत्यक्ष नुकसानाच्या प्रमाणातच भरपाई मिळेल, असे ठरवले. २०१५ च्या कैलाशनाथ प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले: नुकसानच झाले नसेल तर विसारही ठेवता येत नाही. तेव्हा पावतीवर कोणती रक्कम 'विसार' आणि कोणती 'किमतीपोटी' हे वेगळे लिहिलेले असणे घेणाऱ्याच्या हिताचे आहे. रेरा प्रकल्पात करार होण्याआधीच बुकिंग रद्द केले, तर महारेराच्या २०२२ च्या नमुना वाटपपत्रानुसार पहिल्या १५ दिवसांत काहीच कापता येत नाही, आणि ६० दिवसांनंतरही कपात किमतीच्या २ टक्क्यांपुरती राहते.

बरेच व्यवहार न्यायालयापर्यंत जात नाहीत, गावातल्या चार माणसांत मिटतात, आणि ते चांगलेच आहे. तिथे परताव्यासाठी पुढच्या तारखांचे चेक मिळतात. चेक न वटल्यास बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून १५ दिवस पैसे देण्याची संधी, आणि त्यानंतर महिन्याच्या आत चेकविषयक कायद्याच्या कलम १३८ खाली फिर्याद. या तारखा वहीत लिहून ठेवाव्यात. 'आणखी एकदा टाकून बघा' असे सांगितले जाते. चेक वैध आहे तोवर तसे करता येते, पण वैधता ३ महिन्यांचीच असते.

मिटवताना सर्वांत नाजूक कागद म्हणजे साठेखत रद्द करण्याचा दस्त. विकणाऱ्याला तो आधी हवा असतो, कारण नोंदणीकृत साठेखत उभे असेपर्यंत नवे गिऱ्हाईक पुढे येत नाही. त्याची ही गरज हाच तुमचा आधार आहे. रक्कम खात्यात जमा झाल्यावर किंवा डिमांड ड्राफ्ट निबंधकाच्या टेबलावर आल्यावरच रद्दलेखावर सही करावी. ड्राफ्टचा क्रमांक त्याच दस्तात घालावा.

बिल्डरशी केलेला नोंदणीकृत करार ताबा न मिळाल्याने रद्द झाला, तर भरलेले मुद्रांकशुल्कही परत मागता येते. त्यासाठी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा असतो, आणि रद्दलेख नोंदल्यापासून त्याला ६ महिन्यांचीच मुदत आहे. २४ एप्रिल २०१५ पूर्वी ही मुदत २ वर्षांची होती. मुंबईतल्या एका कुटुंबाने आपला रद्दलेख मार्च २०१५ मध्ये केला, तो नोंदला गेला २८ एप्रिलला, म्हणजे कायदा बदलल्यावर चौथ्या दिवशी. जुनी मुदत गृहीत धरून त्यांनी ऑगस्ट २०१६ मध्ये अर्ज केला आणि तो उशिराचा म्हणून नाकारला गेला. २७,३४,५०० रुपयांचा हा परतावा त्यांना अखेर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला, कारण रद्दलेख बदलाच्या आधीच झाला होता. आज रद्दलेख करणाऱ्याला तो आधार मिळणार नाही. त्याचे ६ महिने नोंदणीच्या दिवसापासून मोजले जातात.